मोबाईलला आपली भाकरी कळावी

गेल्या महिन्यात नेहमीच्या एक आजी नातवाबरोबर दवाखान्यात आल्या. डोके जड, चक्कर येते अशी तक्रार. ब्लडप्रेशर पाहिले तर १८०/११०! "आजी, गोळी चालू आहे ना?" मी विचारले. "नाही डॉक्टर, पंधरा दिवस झाले बंद केली. मोबाईल हिरवा झाला, म्हटलं झाले मी बरी!"

नातवाने हौसेने मोबाईलमध्ये ब्लडप्रेशरचे ॲप घालून दिले होते. आकडे नीट आले की ते हिरवे होई. पण हा हिरवा रंग गोळीमुळे आहे, गोळी थांबवू नका, ही सूचना खाली बारीक इंग्रजीत होती. आजींना बोल कसा लावणार? ॲप बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आजी नव्हत्याच.

त्याच ॲपमध्ये मीठ कमी करण्यासाठी डबाबंद सूप आणि चीज टाळा, असा सल्ला होता. "ते आम्ही खातच नाही," आजी म्हणाल्या. लोणचे, पापड, ठेचा, सुकट यांचे मात्र नाव नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे सगळे मिळून चहाचा जेमतेम एक चमचा. उपवासाचे सैंधवही यातच मोजायचे, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच.

मग आपल्या उपयोगाचे ॲप कसे असावे? एक तर ते मराठीत बोलणारे असावे. वाचता न येणाऱ्यालाही कळले पाहिजे. घरात फोन एकच असतो, म्हणून सासू, सासरे, मुलगा यांच्या नोंदी वेगवेगळ्या राहाव्यात. शेतात रेंज नसली तरी नोंद व्हावी. एकादशी, चतुर्थी, नवरात्र आले की त्याने आदल्या दिवशीच आठवण द्यावी, "उपवास असला तरी गोळी चुकवू नका, वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारा." आणि आकडे नीट आले तर "बरे झालात" असे न म्हणता "गोळी काम करते आहे, चालू ठेवा" असे म्हणावे.

हे अशक्य नाही. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्यात आरोग्य कर्मचारी मोबाईलवर रुग्णाची नोंद ठेवतात आणि न आलेल्याला आठवण करतात.

ॲप कोणतेही असो, मापन मात्र नीट हवे. त्यासाठी एवढे पाळा :

१) मापनाआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नको. लघवीला जाऊन या.

२) पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसा. बोलू नका.

३) दंडाला पट्टा बांधायचे यंत्र वापरा. हात हृदयाच्या पातळीवर टेकवा. नुसते बोट कॅमेऱ्यावर ठेवून आलेल्या आकड्यावर विसंबू नका.

४) एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

५) घरी वारंवार १३५/८५ किंवा जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. १८०/१२० च्या वर आकडा आणि छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे किंवा हातापायातील शक्ती जाणे असे काही असेल, तर क्षणभरही थांबू नका.

आजींची गोळी पुन्हा सुरू झाली आहे. नातवाने मोबाईलवर स्वतःच्या आवाजात रोजची आठवण भरून ठेवली आहे, "आजी, गोळी घेतलीस का?" आजी म्हणतात, "हे मात्र मला कळतं!"