समान संधीची वाट

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• 'वाजवी सोय' ही संकल्पना स्पष्ट करता येईल;
• सवलत आणि सोय यांतील भेद सांगता येईल;
• उच्च शिक्षणातील दिव्यांग विद्यार्थ्यांच्या हक्कांची माहिती देता येईल.

मूळ पाठ

आचार्य विनोबा भावे यांनी जबलपूरला 'संस्कारधानी' म्हणून गौरविले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ १९५६ पासून या नगरीत आहे. आज राणी दुर्गावती विद्यापीठ म्हणून ओळखले जाणारे विद्यापीठही त्याच वर्षी स्थापन झाले. २०१८ मध्ये येथे धर्मशास्त्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुरू झाले. विद्या आणि न्याय जेथे शेजारी नांदतात, त्या नगरीशी एक मूलभूत प्रश्न निगडित झाला : ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याने कायद्याचे शिक्षण घेतल्यावर न्यायाधीश होण्याची आकांक्षा बाळगावी की नाही?

या प्रश्नाचे मूळ शिक्षणाकडे पाहण्याच्या दृष्टीत आहे. परीक्षा ज्ञानाची असते; कागदावरील अक्षरे हे ते ज्ञान प्रकट करण्याचे केवळ साधन होय. दृष्टिबाधित विद्यार्थ्यापुढे छापील प्रश्नपत्रिका ठेवली, तर त्याच्या ज्ञानाची परीक्षा होतच नाही. त्याला प्रश्न वाचून दाखविला आणि त्याने सांगितलेले उत्तर लेखनिकाने लिहून घेतले, तर विद्यार्थ्याला काय येते हे कळू शकते. प्रश्न तोच राहतो, गुणदानाची कसोटीही तीच राहते. दूर होतो तो केवळ अडथळा. अशा योग्य व आवश्यक बदलाला कायद्याच्या परिभाषेत 'वाजवी सोय' म्हणतात. मात्र या बदलामुळे संस्थेवर अवाजवी बोजा पडू नये, अशी मर्यादाही कायद्याने घातली आहे.

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. त्याच्या जागी आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते २१ झाले. वाचन-लेखनातील विशिष्ट अक्षमता, स्वमग्नता यांसारखे बाहेरून न दिसणारे प्रकारही त्यांत आहेत. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. शासकीय व शासन-अनुदानित उच्च शिक्षण संस्थांनी लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी निदान ५ टक्के जागा राखाव्यात आणि प्रवेशाच्या कमाल वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट द्यावी, असे तो सांगतो. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी लेखी परीक्षेत ताशी किमान २० मिनिटे भरपाईची वेळ ठरवून दिली. म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला निदान एक तास अधिक.

या तरतुदी सरसकट एकाच जातीच्या नाहीत. राखीव जागा व वयातील सूट या सवलती आहेत. लेखनिक, भरपाईची वेळ, ब्रेलमधील पुस्तक, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषा या सोयी आहेत. सवलत प्रवेशाचे दार उघडते; आत गेल्यावर शिकता येईल की नाही, हे सोय ठरविते. प्रवेश मिळाला, पण वर्ग तिसऱ्या मजल्यावर आणि उद्‌वाहन नाही, अशा स्थितीत राखीव जागा कागदावरच राहते.

प्रत्येकाची गरज मात्र सारखी नसते. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला, त्याचे दिव्यांगत्व ४० टक्के नाही म्हणून, लेखनिक नाकारला गेला होता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट अमान्य केली. लिहिण्याची अडचण खरी असेल, तर केवळ टक्केवारीकडे बोट दाखवून सोय नाकारता येत नाही, हा त्या निर्णयाचा आशय होय.

आता जबलपूरच्या प्रश्नाकडे वळू. मध्य प्रदेश न्यायिक सेवेच्या नियमांतील '६-अ' हा नियम दृष्टिबाधितांना या सेवेतून वगळत होता. एका दृष्टिबाधित उमेदवाराच्या आईने याविषयी भारताच्या सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. २०२४ मध्ये त्या पत्रालाच याचिका मानण्यात आले. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला आणि केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून कोणालाही न्यायिक सेवेची संधी नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. न्यायाधीशाला पुरावा समजून घ्यावा लागतो आणि त्याचा विवेकाने निवाडा करावा लागतो. कागद दुसऱ्याने वाचून दाखविला किंवा संगणकाने, तरी निवाडा करणारी बुद्धी न्यायाधीशाचीच असते.

कायदा झाला म्हणजे सारे झाले, असे नव्हे. विद्यार्थ्याने दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वेळेवर काढावे, परीक्षेचा अर्ज भरतानाच हवी ती सोय नोंदवावी आणि मिळालेली मंजुरी लेखी घ्यावी. संस्थेनेही त्या अर्जाकडे दयेची याचना म्हणून न पाहता हक्काची मागणी म्हणून पाहावे. एका आईचे पत्र नियम बदलू शकले, कारण त्यात मागणी कृपेची नव्हती, न्यायाची होती.

शब्दार्थ
लेखनिक – दुसऱ्याने सांगितलेले लिहून घेणारा
उद्‌वाहन – वरच्या मजल्यावर नेणारा पाळणा, लिफ्ट
याचना – विनवणीपूर्वक केलेली मागणी

स्वाध्याय
१. 'सवलत प्रवेशाचे दार उघडते. आत गेल्यावर शिकता येईल की नाही, हे सोय ठरविते.' हे विधान उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
२. लेखनिक दिल्याने परीक्षेचा दर्जा का घसरत नाही, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या अभ्यासकेंद्रात कोणता अडथळा आढळतो? तो दूर करण्याची विनंती करणारा अर्ज केंद्रप्रमुखांना लिहा.