पडद्याच्या माथ्यावरचा दिवा

मुद्रिते तपासण्याचा व्यवसाय पूर्वी केवळ कागदाचा होता. आता तो निम्मा कागदाचा आणि निम्मा पडद्याचा झाला आहे. डाव्या हाताशी लेखकाने लाल शाईने दुरुस्त केलेली पाने, समोर संगणकावर जुळवलेला मजकूर, आणि या दोहोंमध्ये क्षणोक्षणी येजा करणारी दृष्टी अशी या कामाची रीत आहे; आणि त्यातला पडदा स्वयंप्रकाशी व कागद परप्रकाशी असल्यामुळे दोघांवरचा उजेड एकमेकांस अनुरूप राखणे ही चैनीची बाब न राहता नित्य गरजेची होऊन बसते. श्रावणापासून दिवाळी अंकांचा हंगाम सुरू झाला की हे काम रात्री उशिरापर्यंत चालते. मराठीत चूक बहुधा अक्षराच्या पोटात दडत नाही. ती माथ्यावरच्या अनुस्वारात, रफारात, वेलांटीच्या वळणात लपलेली असते, आणि अपुऱ्या उजेडात तेवढाच भाग सर्वांत आधी दिसेनासा होतो.

पुण्यातल्या जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत माझी कामाची खोली आहे. तिच्यातली ट्यूबलाइट खुर्चीच्या पाठीमागच्या भिंतीवर असल्यामुळे ती लावली की माझीच सावली पानावर पडते आणि ट्यूबचे प्रतिबिंब पडद्यावर उमटते. टेबल अरुंद, त्यावर शब्दकोश, शुद्धलेखनाचे नियम आणि पानांचे गठ्ठे मांडल्यावर टेबललॅम्पच्या बैठकीला जागा उरत नाही. अशा परिस्थितीत मॉनिटरच्या वरच्या काठावर बसणारा, टेबलाची तसूभरही जागा न अडवणारा लाइट बार घ्यावा, ही तजवीज मला सर्वथा योग्य वाटली, आणि आजही वाटते. तथापि या जिनसेची पहिली खरेदी मला मनस्ताप देऊन गेली. आणि त्या निमित्ताने जी शहानिशा मला करावी लागली, ती इतरांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे सविस्तर नमूद करीत आहे.

या दिव्याचे सारे मर्म त्याचा उजेड कोठे पडत नाही यात आहे. तैवानच्या बेनक्यू कंपनीच्या ‘स्क्रीनबार’ने हा प्रकार सर्वतोमुखी केला, त्याचे कारणही तेच होते. पट्टीच्या आत एका बाजूला झुकलेला परावर्तक बसवलेला असतो. त्यामुळे प्रकाश पुढे आणि खाली, म्हणजे टेबलावर, फेकला जातो, आणि मागे पडद्याच्या काचेकडे जाणारा किरण कापला जातो. हे विषम प्रकाशक्षेपण जेथे साधले आहे तेथे दिवा लावल्यावर पडदा होता तसाच राहतो आणि कागद उजळतो. जेथे ते साधलेले नाही तेथे पारदर्शक किंवा दुधी प्लास्टिकच्या नळीत एलईडीची साधी फीत चिकटवलेली असते, आणि तिचा उजेड कागदावर, काचेवर आणि समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत सारख्याच उदारपणे सांडतो. किंमत, वॅट, रंगांच्या छटा, रिमोट हे सर्व या एका गुणाच्या मागाहून पाहण्याचे विषय आहेत.

मी मागवलेल्या दिव्याच्या जाहिरातीत असे विषम क्षेपण, रंग किती खरे दिसतात ते सांगणारा रंगदर्शकांक 95 आणि ‘लुकलुक नाही’ अशी तिन्ही वचने ठळक अक्षरांत दिली होती. दिवा बसवला त्या संध्याकाळी प्रथमदर्शनी पान लख्ख दिसले. परंतु मॉनिटर बंद करताच काळ्या काचेच्या वरच्या चार बोटे भागात एक फिकट पांढरा पट्टा उमटलेला दिसला; मजकूर उघडला की त्या पट्ट्याखालच्या ओळी राखेसारख्या भुरकट होत. पुढे काही दिवसांत कपाळ दुखू लागले, आणि तेही विशेषेकरून रात्री, जेव्हा मी उजेड अर्ध्यावर आणीत असे. पूर्ण उजेडात जे डोके दुखत नाही ते मंद उजेडात का दुखावे, या प्रश्नाने मला लुकलुकीच्या तपासाकडे नेले.

एलईडीचा उजेड कमी करण्याच्या दोन रीती आहेत. एकीत विद्युत्प्रवाहच कमी केला जातो आणि दिवा अखंड, परंतु मंद जळतो. दुसरी स्वस्त पडते: तीत दिवा प्रत्येक वेळी पूर्ण तेजानेच लागतो, मात्र सेकंदाला शेकडो वेळा विझवून पुन्हा लावला जातो, आणि विझलेला काळ जितका अधिक तितका उजेड डोळ्यांना मंद भासतो. हे विझणे-लागणे पुरेशा वेगाने होत असेल तर बाधा नाही. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने 2015 साली प्रसिद्ध केलेल्या 1789 क्रमांकाच्या शिफारशीप्रमाणे पूर्ण विझणाऱ्या दिव्याची वारंवारता 1,250 हर्ट्झच्या वर असल्यास धोका अल्प, आणि 3,000 हर्ट्झच्या वर असल्यास परिणाम नगण्य मानला जातो. दिव्यातले स्वस्त विद्युत्मंडल याच्या पुष्कळ खाली, दोन-तीनशेच्या घरात, चालत असेल, तर काहींना त्याची जाणीवही होत नाही, आणि काहींना डोकेदुखी जडते. नजर सारखी इकडून तिकडे धावणाऱ्या आमच्यासारख्या कामात तर तो दोष अधिकच बोचतो.

याची रुजुवात करण्यास यंत्रसामग्री लागत नाही. खोलीतले इतर दिवे मालवावेत, लाइट बार अर्ध्या उजेडावर ठेवावा, आणि त्याखाली एक पांढरी पट्टी किंवा पेन्सिल वेगाने डावी-उजवीकडे हलवावी. दिवा अखंड असेल तर तिच्या जागी एकसंध अस्पष्ट पंखा दिसतो. लुकलुकणारा असेल तर एकाच्या अनेक पेन्सिली सुट्या सुट्या उभ्या राहतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात शटरचा वेग हाताने ठरवता येत असेल तर तो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर आणून पानाकडे पाहावे. काळे आडवे पट्टे सरकताना दिसले की संशय फिटला. ही परीक्षा पूर्ण, अर्ध्या आणि अगदी मंद, अशा तिन्ही उजेडांत घ्यावी, कारण पूर्ण तेजावर निर्दोष दिसणारा दिवा खाली आणताच आपले खरे रूप दाखवतो. माझ्या दिव्याखाली पेन्सिलीच्या पाच-सहा प्रती स्पष्ट दिसल्या.

रंगाचा प्रश्न मला वाटले होते त्याहून महत्त्वाचा निघाला. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या प्रकाशाच्या चकतीवर पिवळसर भुकटीचा थर देऊन पांढरा उजेड निर्माण केला जातो, आणि ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झाले त्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणूनच ‘निळा प्रकाश अजिबात नाही’ असा दावा करणाऱ्या पांढऱ्या दिव्यावर विश्वास ठेवू नये. तसेच या पद्धतीत लाल रंगाचा वाटा सहज तोकडा पडतो. सरासरी रंगदर्शकांक काढताना वापरल्या जाणाऱ्या आठ नमुन्यांत गडद लाल नसतो. त्याची मोजणी आर-नऊ या वेगळ्या अंकाने होते, आणि स्वस्त दिव्यांच्या खोक्यावर तो बहुधा छापलेला नसतो. माझ्या त्या दिव्याखाली लेखकाची लाल शाई तपकिरी दिसे आणि छपाईच्या काळ्या अक्षरांत मिसळून जाई. रकान्यातली एखादी बारीक काकपदाची खूण सुटून जाण्याचे भय सतत वाटत राही. खरेदी करणाऱ्याने दिव्याखाली कुंकवाची डबी, लाल शाईची ओळ आणि स्वतःचा तळहात ठेवून पाहावा, आणि तेच दिवसा खिडकीपाशी पाहावे. तळहात प्रेतवत् दिसत असेल तर तो दिवा वाचनासाठी घेऊ नये.

उजेडाच्या छटेचे अंक केल्व्हिनमध्ये दिलेले असतात: 2,700 म्हणजे जुन्या बल्बचा पिवळसर, 6,500 म्हणजे भर दिवसाचा निळसर पांढरा. या दोन टोकांमध्ये कोठेही थांबता येईल असा दिवा असावा. मी स्वतः दिवसा 4,000च्या आसपास आणि रात्री 3,000च्या खाली ठेवते, आणि पडद्याची छटाही त्याच बेताने उबदार करते, कारण कागद पिवळा आणि पडदा निळा अशी विसंगती राहिली तर डोळ्यांना प्रत्येक वळणावर नव्याने जुळवून घ्यावे लागते. उजेड किती असावा, याविषयी भारतीय मानकाने कार्यालयांसाठी 500 लक्स हा मध्यम दर्जा सांगितला आहे. पट्टीच्या बरोबर खाली हा आकडा गाठणारे दिवे मिळतात, परंतु पाने ठेवण्याची जागा मध्यावर नसून डावीकडे असते, हे ध्यानात ठेवून पट्टीची लांबी पाहावी. दीड वीत लांबीची पट्टी चोवीस इंची मॉनिटरला कमीच पडते. दोन वीत असल्यास बरे.

वीजपुरवठ्याबाबत एक ताकीद द्यावीशी वाटते. असे बहुतेक दिवे पाच व्होल्टवर चालतात आणि पूर्ण उजेडात सुमारे पाच वॅट खातात. संगणकाचे जुने यूएसबी छिद्र प्रमाणानुसार अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट, देण्यास बांधील असते. नव्या निळ्या छिद्राचीही मर्यादा साडेचार वॅटची. अशा छिद्रात दिवा जोडला की तो कधी निस्तेज जळतो, कधी थरथरतो, आणि दोष दिव्याचा की पुरवठ्याचा हे कळेनासे होते. फोनचा, भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेला अडॅप्टर वापरावा, म्हणजे शंका राहत नाही. आणखी एक गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची: वीज जाऊन परत आल्यावर दिवा आपली मागील मांडणी लक्षात ठेवतो काय, हे पाहावे. काही दिवे प्रत्येक वेळी पूर्ण तेजाने, निळसर छटेत सुरू होतात; पावसाळ्यात दिवसातून कैक वेळा वीज जाते तेव्हा तो झटका असह्य होतो. वायर दिव्यात कायमची जडवलेली नसून सुटी, टाइप-सीची असावी. ‘पन्नास हजार तास’ हा आकडा आतल्या एलईडीचा असतो, आणि दिवा निकामी होतो तो बहुधा वायर मुरगळल्याने.

पकडीविषयी थोडक्यात सांगायचे तर, मॉनिटरच्या वरच्या काठाची जाडी फूटपट्टीने मोजल्याशिवाय मागणी नोंदवू नये. वक्र पडद्यावर आणि पाठीला फुगवटा असलेल्या मॉनिटरवर वजनाने तोलून बसणारी पकड डुगडुगते. काठावर वेबकॅम असेल तर दोघांची जागेवरून तक्रार होते. आणि स्पर्शाने चालणारी बटणे पट्टीवरच असतील तर प्रत्येक वेळी पडदा हलतो. टेबलावर ठेवायची नियंत्रणाची वेगळी चकती असलेला दिवा दोनतीनशे रुपये जास्त पडला तरी घ्यावा, असे माझे मत आहे.

आता व्यवहाराची बाजू. दोष ध्यानात येताच मी विक्रेत्यास कळवले, तेव्हा ‘लुकलुक फक्त कॅमेऱ्याला दिसते’ आणि ‘बदली वस्तू मिळेल, पैसे मिळणार नाहीत’ अशी उत्तरे आली. तोपर्यंत जाहिरातीचे पान मी जतन करून ठेवले होते, बिलाची पावती होती, आणि काळ्या पट्ट्यांचे चित्रण मोबाइलवर होते. ग्राहक संरक्षणाच्या ई-व्यापारविषयक 2020च्या नियमांनुसार वस्तू सदोष असल्यास, किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसल्यास, ती परत घेण्यास आणि पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. हा नियम नमूद करून मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार गुदरली, आणि त्यानंतर रक्कम परत आली. ज्यांना असा प्रसंग येईल त्यांनी खोके फाडू नये, त्यावरील आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत यांचे छायाचित्र घ्यावे, आणि वर सांगितलेल्या सर्व परीक्षा परतीच्या मुदतीच्या पहिल्या दोन दिवसांतच उरकाव्यात. मुदत टळल्यावर पुरावा कितीही भक्कम असला तरी पायपीट वाढते.

नंतर घेतलेला दिवाही स्वस्तच, दोन हजारांच्या आतला आहे. त्याच्या खोक्यावर मोठी वचने नव्हती. पण बंद पडद्यावर पट्टा उमटला नाही, पेन्सिल एकसंध पंख्यासारखी दिसली आणि लाल शाई लाल राहिली. तो बसवल्यावर मागची ट्यूब मी मालवते, पण खोली पूर्ण अंधारी ठेवत नाही. ट्यूबखाली एक मंद दिवा भिंतीकडे तोंड करून लावते, कारण अंधाऱ्या खोलीत टेबलापुरताच उजेड ठेवला की डोळ्यांची बाहुली उजेड आणि काळोख यांच्यामध्ये हेलकावे खात राहते. पट्टी अशी फिरवावी की बसल्या जागेवरून एलईडीचा एकही ठिपका उघडा दिसू नये, आणि उजेडाची कड कळफलकाच्या अलीकडे, मांडीच्या आत, यावी.

ज्यांचे काम लॅपटॉपवर चालते त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. लॅपटॉपचे झाकण पातळ आणि बिजागरी हलकी. तिच्यावर वजन टांगणे इष्ट नाही, आणि झाकणाची उंचीही इतकी कमी असते की प्रकाश कागदापर्यंत पसरण्याआधीच संपतो. त्यांनी टेबलाच्या कडेला पकडीने बसणारा, दांडी वळवता येणारा साधा लॅम्प घ्यावा, उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी तो डावीकडे लावावा, आणि पेन्सिलीची परीक्षा त्याचीही घ्यावी.