नव्या गाडीचा जुना तोरा

पेठ नाक्यावर चहाला थांबलं की हल्ली एक गंमत दिसते. इस्लामपूरकडून थार येते, तिचं नाक जुन्या जीपचं. कराडकडून जावा येते, तिची टाकी साठ सालातली. मधूनच आवाज न करता विजेची चेतक निघून जाते. सगळ्या गाड्या नव्या कोऱ्या, चेहरे मात्र आमच्या लहानपणीचे. अमेरिकेतही हेच घडलं. फोर्डने २००५ची मस्टँग साठच्या दशकातल्या मस्टँगसारखी घडवली, डॉजने २००८मध्ये चॅलेंजर परत आणली, पाठोपाठ शेव्हर्लेची कॅमारो आली. आमच्या घरात प्रिया स्कूटरपासून विजेच्या चेतकपर्यंत गाड्या झाल्या, पाव्हण्यांत थार आहे, मित्रांत जावा आणि बुलेट. त्या चालवून, उघडून आणि मुख्य म्हणजे लोकांना त्या घेताना पाहून जे उमगलं, ते इथे क्रमाने मांडतो.

१. जुना चेहरा बहुधा तो विकत घेतो, ज्याला त्या काळी ती गाडी मिळाली नव्हती.

ज्यांनी वीस वर्षं चेतक दामटली, त्यांना तिचं कौतुक बेताचंच. हळवे होतात ते दुसरेच. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं नंबरची वाट बघायची. परवान्यांच्या त्या काळात कारखान्याने किती गाड्या काढायच्या, हे सरकार ठरवायचं. कुणाचा नंबर लागला तर ती गाडी जास्त भावाने दुसऱ्याला जायची. शेजारच्याच्या स्कूटरवर पुढे उभं राहून एक चक्कर मिळाली तरी धन्य वाटणारी ती पोरं आज पन्नाशी-साठीत आहेत आणि शोरूममध्ये चेक फाडताहेत. अमेरिकेतला हिशेब वेगळा नाही. १९७०च्या चॅलेंजरला काचेबाहेरून पाहणारा पोरगा २००८मध्ये पन्नाशीला आला होता. मधल्या काळात विम्याचे वाढते हप्ते, धुराचे नियम आणि १९७३चं तेलसंकट यांनी त्या दणकट गाड्यांचा जोर घालवला. मूळ चॅलेंजर १९७४मध्येच बंद पडली. हातात पैसा येईपर्यंत गाडीच उरली नव्हती. राहून गेलेल्या हौसेला गिऱ्हाईक असतं, हे कंपन्यांनी बरोबर ओळखलं.

२. आपलेपण गाडीच्या मूळ गावावरून ठरत नाही.

आम्हा सातारकरांना प्रिया ‘आपली’ वाटते, याचं कारण साधं आहे. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून १९७५मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात प्रिया बनू लागली. रूप मात्र अस्सल इटलीचं. बजाज आधी व्हेस्पाच बनवत असे. पियाजिओबरोबरचा तो करार १९७१मध्ये संपला, १९७२मध्ये चेतक आली आणि गोल पाठीचा तो आकार आपल्याकडेच मुक्कामाला राहिला. साताऱ्यात स्कूटर बनणं थांबून बरीच वर्षं झाली. पण ज्या घरात त्या कारखान्याचा पगार यायचा, त्या घराला तो आकार इटलीचा आहे हे पटवून दाखवा!

३. आठवण सोयीचं तेवढंच ठेवते, आणि चांगला डिझायनरही तेच करतो.

जुन्या स्कूटरच्या आठवणी काढताना कुणी ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा वास सांगतं, कुणी पुढे उभं राहून लागलेला वारा. सकाळी ऑफिसच्या घाईत स्कूटर एका अंगावर कलती करून, मग किक मारमारून पिंडरीला आलेले गोळे कुणी सांगत नाही. प्लगचा कचरा, गिअरची तुटलेली वायर, इंजिन एका बाजूला असल्याने उजवीकडे ओढ घेणारी गाडी, सगळं विस्मरणात. २०२०मध्ये आलेल्या विजेच्या चेतकने नेमकं तेवढंच उचललं जे डोळ्यांना आठवतं: गोलाई, पत्र्याची बॉडी, गोलसर दिवा. किक नाही, गिअर नाही, धूर नाही. ज्या आकुर्डीत जुनी चेतक घडत होती, तिथेच २०२२पासून ही नवी बनते आहे. जुन्या नावाला साजेसा पत्ता मिळाला, पण आतलं यंत्र सगळं दुसरं. ते दुसरं आहे म्हणूनच ती रोज वापरता येते.

४. घेण्याआधी विचारावं: हा आकार काम करतो की नुसता शोभेला आहे?

जुन्या जावाच्या इंजिनावरच्या फिन्स वाऱ्याने इंजिन गार करायच्या. २०१८मध्ये परत आलेल्या जावाचं इंजिन गार होतं ते पुढच्या रेडिएटरने. फिन्स आहेत, पण मुख्यतः जुन्या रूपाची खूण म्हणून. आमच्या ओळखीच्या सांगलीच्या मिस्त्रींनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, “दागिना हाय ह्यो. असू द्या, दागिनाबी लागतोय की.” मला ते पटलं. पण काही दागिन्यांची किंमत नंतर मोजावी लागते. तारांच्या चाकात बहुतेक वेळा ट्यूब असते. आष्टा रोडला उसाच्या ट्रॉलीमागे अंधारात पंक्चर झालं तर ट्यूबलेसवाला हवा भरून घर गाठतो, तारांची चाकं मिरवणारा चाक खोलत बसतो. हे कळून घेतलं तर तक्रार नाही.

५. आमच्याकडे जुन्या रूपात आठवणीपेक्षा हुद्दा जास्त असतो.

अमेरिकेत मस्टँग म्हणजे तरुणपण. साताऱ्या-सांगलीत जीप म्हणजे अधिकार. जीपमधून कोण उतरायचं? फौजदार, रेंजर, मामलेदार, साखर कारखान्याचे संचालक आणि प्रचाराला आलेला उमेदवार. बुलेटवर पोलीस, नाहीतर मोठा बागायतदार. त्यात सातारा हा फौजींचा जिल्हा. अपशिंगे गाव तर ‘मिलिटरी’ हे नाव लावूनच ओळखलं जातं. लष्कराने पन्नासच्या दशकात बुलेट घेतल्या आणि १९५५मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. तेव्हापासून सुट्टीवर आलेल्या जवानाच्या बोलण्यात बुलेट आणि जीप असायच्याच. आज थार घेणारा तिशीतला पोरगा स्वतःची आठवण विकत घेत नाही. आजोबा ज्या गाडीला पाहून रस्त्याच्या कडेला सरकून उभे राहायचे, त्या गाडीच्या स्टिअरिंगवर तो बसतो. या व्यवहाराकडे बघून मला हसू येत नाही.

६. आवाज परत आणणं सगळ्यांत अवघड.

रॉयल एनफिल्डने जुनं बिडाचं इंजिन बंद करून नवं आणलं, तेव्हा जुने लोक नाराज झाले. गाडी कमी बिघडते, तेल गळत नाही, पण तो ठोका नाही! मग काहीजण सायलेन्सर बदलतात, गावाची झोप उडवतात आणि पोलिसांना पावती फाडायला लावतात. अमेरिकेत डॉजने विजेच्या चार्जरला कृत्रिम गर्जना बसवली, कारण आवाजाशिवाय ती चार्जर कुणी मानली नसती. विजेची चेतक मात्र गुपचूप चालते आणि जुन्या टू-स्ट्रोकचा टणटणाट तिच्याकडे कुणी मागत नाही. ठोका बुलेटच्या रुबाबाचा भाग होता, स्कूटरचा आवाज नुसता सोसलेला होता.

७. जुन्या चेहऱ्यावर मालकी हक्कही असतो.

महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीप जोडायला सुरुवात केली. आमच्या लेखी त्या चेहऱ्यावर त्यांचा वारसाहक्क पक्का. पण २०१८मध्ये त्यांनी अमेरिकेत त्याच चेहऱ्याची रॉक्सर उतरवली आणि जीपच्या तिथल्या मालकांनी हरकत घेतली. २०२०मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने विक्रीला मनाई केली. समोरचा भाग बदलल्यावरच आयोगाने तेव्हा वाट मोकळी केली. बांधावरून भांडणाऱ्या आमच्या गावांना हा खटला लगेच समजतो.

८. खरेदीला जाताना घरातलं सगळ्यांत वयस्कर माणूस बरोबर न्यावं.

जुना आकार म्हणजे त्याच्या जुन्या अडचणीही. तीन दारांच्या थारमध्ये मागच्या सीटवर नऊवारीतल्या आजींना चढवून पाहा, मग रंग ठरवा. कंपनीलाही ते कळलं असावं, २०२४मध्ये पाच दारांची थार रॉक्स आली. मस्टँग २०१६मध्ये भारतात आली. लांब नाक आणि बसकं पोट हे तिचं सौंदर्य, पण आमच्या गावोगावच्या गतिरोधकांना सौंदर्याशी देणंघेणं नसतं.

९. ज्याला काहीच आठवत नाही, त्याला गाडी आवडली तर रूप खरं.

अमेरिकेत जुन्या थंडरबर्डच्या आठवणीवर काढलेली २००२ची थंडरबर्ड २००५मध्ये बंद झाली. आठवण असलेल्यांनी घेऊन झाली, पुढे गिऱ्हाईक नव्हतं. याउलट सांगलीत कॉलेजला जाणाऱ्या भाचीने चेतक पसंत केली. तिने जुनी चेतक कधी चालवलेली नाही, नंबर लावून वाट पाहणं तिला गोष्टीसारखं वाटतं. तिचं म्हणणं एवढंच, की बाकीच्या स्कूटरी रागावल्यासारख्या दिसतात आणि ही शांत दिसते. आमच्या पिढीच्या हौसेवर कंपनीची पाचदहा वर्षं निघतील. त्यानंतर ही गाडी तिच्यासारख्या गिऱ्हाइकांवरच चालणार आहे, आणि त्यांना पटवायला आमच्या आठवणी उपयोगाच्या नाहीत.