हार्ड डिस्कचा संशय आला तर : आधी प्रत, मग परीक्षा

संगणक सुरू व्हायला दहा-दहा मिनिटे लागू लागली, एखादी फाईल उघडताना पडदा जागच्या जागी थिजला, किंवा काल जतन केलेले प्रकरण आज उघडेचना, की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास घडतात. कुणी जाणकार ‘व्हायरस असेल, फॉरमॅट करून टाक’ असे सांगतो, आणि घरातले कुणीतरी संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू करून पाहते. दोष हार्ड डिस्कमध्ये असेल, तर हे दोन्ही इलाज आजारापेक्षा भयंकर ठरतात.

यंत्र बाजारात पुन्हा मिळते. परंतु चार वर्षे खपून लिहिलेला प्रबंध, मंडळाची सभासद-यादी व जमाखर्च, जात वैधतेसाठी गावोगाव फिरून जमवलेल्या जुन्या दाखल्यांच्या प्रती, आजोबांचे एकुलते एक छायाचित्र, या गोष्टी कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम डिस्क म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आयबीएम कंपनीने १९५६ साली आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्क यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजची डिस्क तळहातावर राहते, पण तत्त्व तेच आहे. तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचन-लेखन करणारे हेड तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. माणसाच्या केसाची जाडी याच्या हजारो पट असते. डिस्क घरी उघडून पाहू नये, ती हादरवू नये, याचे कारण एवढ्यात आले.

आता खतावणीचे उदाहरण घेऊ. समजा, जाड खतावणीचे एक पान फाटले. कारकून त्यावरील नोंद शेवटी राखून ठेवलेल्या कोऱ्या पानावर उतरवतो आणि मूळ जागी ‘अमुक पान पाहा’ असे लिहितो. डिस्कही असेच करते. तिच्याकडे राखीव जागा असते. खराब झालेल्या तुकड्याचे, म्हणजे सेक्टरचे, काम ती गुपचूप तिकडे वळवते. एखाद-दुसरे पान बदलले तर बिघडत नाही. पण रोज पाने फाटू लागली तर खतावणीच कुजली आहे असे समजावे. आणखी एक अडचण आहे. जे पान वाचताच येत नाही, त्यावरील नोंद उतरवणार कशी? असा सेक्टर ‘प्रलंबित’ म्हणून पडून राहतो, आणि डिस्क तो वाचण्यासाठी पुन्हा पुन्हा धडपडत असताना आपला पडदा थिजलेला दिसतो.

या धडपडीतच तिचे उरलेसुरले आयुष्य खर्ची पडत असते. म्हणूनच क्रम महत्त्वाचा आहे. संशय येताच नवीन प्रोग्रॅम घालू नये, तपासण्या लावू नयेत, त्या डिस्कवर काहीही नव्याने लिहू नये. बाहेरची डिस्क किंवा पेन ड्राइव्ह जोडावा आणि स्वतः निर्माण केलेल्या गोष्टी आधी उतरवून घ्याव्यात : लेखन, हिशेब, छायाचित्रे. चित्रपट, गाणी, खुद्द विंडोज, ही सर्व पुन्हा मिळतात. त्यांच्यासाठी वेळ दवडू नये. संपूर्ण डिस्क एकदम ओढू नये, एकेक फोल्डर घ्यावे. एखाद्या फाईलवर गाडी अडली तर ती सोडून पुढे जावे.

विंडोज सुरूच होत नसेल, तर दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा, उदाहरणार्थ उबुंटूचा, पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून यंत्र सुरू करता येते व फाईली बाहेर काढता येतात. मात्र आजच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते. तिची ४८ अंकी चावी बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. विद्यार्थी मित्रांनी ही चावी आजच, संगणक धडधाकट असतानाच, कागदावर उतरवून ठेवावी. जाणत्या मंडळींसाठी डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम आहे. तो सोपे भाग आधी उचलतो आणि अवघड भागांकडे शेवटी वळतो. त्यात मूळ डिस्क व नवी डिस्क यांची नावे उलटसुलट झाली तर सर्व पुसले जाते, तेव्हा हे काम घाईत करू नये.

डिस्कमधून टक्-टक् असा ठरावीक आवाज किंवा खरखर येत असेल, तर मात्र प्रत काढण्याचाही मोह टाळावा. वीज बंद करावी. आतील ऐवज खरोखर अमोल असेल तर धूळरहित खोली असलेल्या डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडेच जावे. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा एक सल्ला अजूनही तोंडोतोंडी फिरतो. त्याने आत दव धरते. तो ऐकू नये.

प्रत हाती आल्यावर खुशाल परीक्षा करावी. डिस्क स्वतःची प्रकृती ‘स्मार्ट’ नावाच्या नोंदवहीत लिहीत असते, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम ती वाचून दाखवतो. तेथे ०५ म्हणजे बदललेली पाने, सी५ म्हणजे प्रलंबित पाने आणि सी६ म्हणजे वाचताच न आलेली पाने. हे आकडे शून्य असावेत. वाढत असतील तर डिस्क बदलावी, वाद घालू नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतर ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट आढळली. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांत चार प्रमुख निदर्शकांपैकी एकाचीही नोंद नव्हती. म्हणजे वाईट अहवाल खरा मानावा, चांगल्या अहवालावर विसंबू नये.

सी७ हा आकडा वेगळा आहे. तो डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या दरम्यान माहिती वाहताना झालेल्या चुका मोजतो. येथे दोष बहुधा केबलचा असतो. आमच्या परिचयातील एका अभ्यासिकेत संगणक दिवसातून दोनदा अडे आणि नव्या डिस्कसाठी वर्गणीची भाषा सुरू झाली होती. सी७ तेवढा वाढत होता, बाकी सर्व शून्य. केबल बदलली आणि प्रश्न मिटला. हा आकडा पुन्हा शून्यावर येत नाही; तो वाढायचा थांबला की झाले.

आणखी एक साधी कसोटी आहे. पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवर तासभर काम करावे. तेथेही संगणक अडत असेल तर रॅम, वीजपुरवठा किंवा उष्णता यांकडे पाहावे. तेथे सुरळीत चालत असेल तर दोष डिस्कचा किंवा विंडोजचा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डिस्क’ या नावाखाली क्रमांक ७ ची नोंद वारंवार दिसत असेल, तर ती खराब सेक्टरचीच तक्रार होय.

चेकडिस्क ही आज्ञा अनेक जण सर्वप्रथम देतात. ती फाईलींच्या हिशेबातील गोंधळ निस्तरते, तबकडी दुरुस्त करीत नाही. शिवाय ती डिस्कवर लिहिते आणि मोडक्या फाईली छाटूही शकते. तिचा क्रम शेवटचा.

अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपांत फिरती तबकडी नसून एसएसडी असते. ती आवाज करीत नाही. कधी ती अचानक केवळ वाचनापुरती उरते, कधी एका सकाळी दिसेनाशीच होते. तिच्या बाबतीत पूर्वसूचनेची वाट पाहणे व्यर्थ आहे. दुसरी प्रत आधीपासूनच हवी, आणि ती शक्यतो दुसऱ्या घरात ठेवलेली हवी. ही प्रतही अधूनमधून उघडून पाहावी.

हमीच्या मुदतीत कंपनी डिस्क बदलून देते, आतील माहिती देत नाही. जुनी डिस्क चालत असेल तर ती परत करण्यापूर्वी आपली कागदपत्रे तीवरून पूर्ण पुसावीत. चालतच नसेल आणि आत सभासदांचे आधार किंवा बँक तपशील असतील, तर हमीचा लाभ सोडून ती आपल्याकडेच ठेवणे आम्हांस अधिक योग्य वाटते.