लग्नघटिका आणि घड्याळ

‘लग्नघटिका समीप आली’ असे आपण सहज म्हणतो. पण घटिका म्हणजे किती वेळ? अहोरात्रीच्या ६० घटिका. म्हणून एक घटिका २४ मिनिटांची आणि तिची पळे ६०. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडीत. ती भरून बुडाली की घटिका भरली.

ही मोजणी सूर्योदयापासून होते. समजा, मुहूर्त १२ घटिका ३० पळांवर आहे. म्हणजे ३०० मिनिटे, अर्थात ५ तास. सूर्योदय ६-२० चा असेल, तर मुहूर्त ११-२० चा. मात्र सूर्योदय लग्नाच्या गावचाच धरावा. नागपूर व बेळगाव यांच्या रेखांशांत सुमारे साडेचार अंशांचे अंतर आहे. अंशाला ४ मिनिटे धरली, तर केवळ रेखांशामुळे १८ मिनिटांचा फरक पडतो.

दिवसाची आखणी मुहूर्तापासून उलटी करावी. अंतरपाट दूर व्हायचा तो ११-२० ला. मंगलाष्टकांना १५ मिनिटे धरल्यास वधूवर ११-०५ ला समोरासमोर उभे हवेत. पुण्याहवाचन, गौरीहरपूजन त्याआधी उरकलेले असावे.

अक्षता पडताच मंडळी पंगतीकडे वळतात आणि सप्तपदी घाईत आटोपली जाते. वास्तविक, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या ७ व्या कलमाप्रमाणे, ज्या विवाहविधीत सप्तपदी आहे तेथे सातवे पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण होतो. तेव्हा मुहूर्त साधावा हे खरेच. पण त्या सात पावलांसाठीही वेळ राखून ठेवावा.