जुन्या रूपाचे नवे कॅमेरे

लष्करातल्या जुन्या घरांत कपाट आवरताना कधी कधी आग्फा क्लिक थ्री कॅमेरा हाती लागतो. बडोद्याला तयार होणाऱ्या या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघत. बटण दाबण्याआधी विचार करावाच लागे!

आता काही डिजिटल कॅमेरे मुद्दाम जुने रूप घेऊन येतात. फुजीफिल्मचा एक्स १०० (२०११) आणि निकॉनचा झेडएफ (२०२३) हे त्यांतले. झेडएफचा घाट १९८२ च्या एफएम २ वरून घेतलेला आहे. दिसण्यापेक्षा त्याचा खरा फायदा शिकण्यात आहे. शटरचा वेग आणि आयएसओ वरच्या चकत्यांवर कोरलेले असतात. कॅमेरा बंद असतानाही वाचता येतात. किल्ल्यावर मानमंदिराच्या निळ्या टाइल्सवर सकाळी दहाचे स्वच्छ ऊन असेल, तर आयएसओ १००, छिद्र एफ/१६ आणि वेग १/१२५ सेकंद ठेवून पाहा. छिद्र एफ/८ केले की चौपट प्रकाश आत येतो, म्हणून वेग १/५०० करावा लागतो.

पण झेडएफची पुढची बाजू जवळजवळ सपाट, वजन बॅटरीसह सुमारे ७१० ग्रॅम. मोठी लेन्स लावली की मनगट भरून येते. त्याच्या लेन्सवर सहसा छिद्राचे आकडे असलेली कडीही नसते (एक्स १०० ला आहे). म्हणजे सोंग अर्धेच! एफएम २ चे शटर बॅटरीशिवाय चाले, झेडएफचे चालत नाही.

किंमतही भारी. पालकांनी हट्टाला लगेच मान डोलवू नये; साध्या डिजिटल कॅमेऱ्याची चकती ‘एम’ वर आणली, तरी मानमंदिराचा प्रयोग तसाच करता येतो.