आधी बोलणारा कोण?



वाटेत अनोळखी माणूस भेटला तर आधी कोणी बोलावे? प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण जातिव्यवस्थेने येथेही पायऱ्या बांधल्या होत्या. खालच्याने वाकून 'जोहार मायबाप' म्हणावयाचे. वरच्याने वाटल्यास मान हलवावयाची. तो नमस्कार नव्हता, ती वसुली होती.

म्हणून जोहार गेला आणि 'जयभीम' आला. तो रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांना दिले जाते. 'जयभीम'ला उत्तरही 'जयभीम'च. येथे कोणी वर नाही, कोणी खाली नाही.

परंतु जोहाराबरोबर आपण आधी बोलणेही सोडून दिले काय? 'मीच का बोलू?' असे म्हणून कपाळाला आठ्या घालणे म्हणजे स्वाभिमान नव्हे.

दीघनिकायातील सोणदंड सुत्त पाहा. चंपा नगरीचा सोणदंड ब्राह्मण भगवंतांचे गुण सांगतो. त्यात तीन गुण आपल्या विषयाचे आहेत. भगवंत 'अब्भाकुटिक' होते, म्हणजे त्यांच्या कपाळी आठी नसे. ते 'उत्तानमुख' होते, म्हणजे त्यांची मुद्रा मोकळी असे. आणि ते 'पुब्बभासी' होते, म्हणजे ते स्वतः आधी बोलत.

हाच सोणदंड पुढे भगवंतांना शरण जातो. पण चारचौघांत उठून वंदन करण्यास कचरतो. लोकांत मान गेला तर मिळकतही जाईल, ही त्याला धास्ती. तो विनवतो, 'सभेत मी नुसते हात जोडले, तर उठून उभा राहिलो असे समजावे.' जो उच्चपणाला जपतो, त्याला साधा नमस्कारही जड होतो. भगवंतांना आधी बोलण्यात कमीपणा वाटला नाही.

तेव्हा हा भेद ध्यानात घ्या: भीतीने हसणे ही लाचारी, समान मानून हसणे ही मैत्री.

या पंधरवड्यात घरातील सर्वांनी एवढे करावे. एस.टी. स्टँडवर शेजारी बसलेल्या प्रवाशाला, रस्ता झाडणाऱ्या बाईला, दारी आलेल्या पोस्टमनला आधी नमस्कार करावा. कोणी 'रामराम' म्हटले तर तोंड फिरवू नये. प्रसन्नपणे 'जयभीम' म्हणावे. ओळख होताच आडनाव विचारू नये. त्या प्रश्नामागे बहुधा जातीचा शोध असतो. भगिनींनो, समोरच्याची नजर सभ्य नसेल तर हसण्याचे बंधन तुमच्यावर नाही. मैत्रीत सक्ती नसते.

उत्तर न आले तर? न येवो. आपण वसुलीला निघालेलो नाही.